डाव्या पायाची गोष्ट

ही गोष्ट मी आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल. खरी एकदाही सांगितलेली नाही.

आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं. लग्नाची पंगत उठली, बारशाचं जेवण झालं, की कुणीतरी म्हणतंच — दाजी, ती गाडीची सांगा ना! मग मी सरसावून बसतो. ‘तर एकदा काय झालं, आमच्या ऑटोमॅटिक गाडीच्या अंगात आलं...’ इथं पहिला हशा. मग मान पुढं-मागं हलवून गाडी कशी गचके द्यायची ते करून दाखवतो. दुसरा हशा. भर रस्त्यात गाडीनं आपल्या मनानं खालचा गिअर टाकला, आपल्या मनानं ब्रेक मारला आणि म्हशीसारखी बसकण मारली — इथं तर लोक डोळे पुसतात.

माझी बायको सुनंदा या गोष्टीच्या वेळी उठून आत जाते. पाणी आणायला म्हणून, भांडी बघायला म्हणून. लोकांना वाटतं, ऐकून ऐकून कंटाळली असेल बिचारी. ती का उठते ते मला माहीत आहे. तरी मी सांगतो. लोक आग्रह करतात ना — आणि आग्रह मोडवत नाही मला. असा मी माणूस.

आज हसवायचं नाहीये. तुम्ही माझे नातेवाईक नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी चाकणला एका कारखान्यात आहे, सव्वीस वर्षं. गिअरचे दाते तपासायचं काम. मूळचा बार्शीकडचा, आता पुनावळ्यात फ्लॅट. सोसायटीत कुणाच्याही गाडीतून खट् आवाज आला की लोक मला खाली बोलावतात आणि मी बॉनेट उघडून गंभीर चेहरा करतो. निम्म्या वेळा मला काही कळलेलं नसतं. पण गंभीर चेहऱ्याला मान आहे. सुनंदाचं माहेर जवळच्याच माण गावचं, जुनं घराणं. तिथं मला ‘गिअरवाले पाव्हणे’ म्हणतात. हे नाव मला आवडतं. हेही आजच कबूल करतो.

पंधराएक वर्षांपूर्वी मी सुनंदाला गाडी शिकवायला काढली होती. माझी जुनी गाडी, हातानं गिअर टाकायची. पुनावळ्यात तेव्हा मोकळं रान होतं, आता तिथं बावीस मजले आहेत. तीन रविवार मी तिच्या शेजारी बसून एकच शब्द ओरडलो — क्लच! अगं क्लच! क्लच म्हणतोय ना मी! फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा तो शब्द पाठ झाला. चौथ्या रविवारी ती म्हणाली, ‘माझ्याच्यानं नाही व्हायचं,’ आणि डाळ भिजवायला बसली. याचीही मी गोष्ट केली. तीही बरी चालते.

मग तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. उजवी बाजू गेली. आठवड्यातून तीनदा पिंपरीला व्यायामाला न्यायचं होतं. तिचा भाऊ दत्ता वाळू-सिमेंटच्या धंद्यात, त्याचा पाय घरात ठरेना. रिक्षात मामांना चढवायचं म्हणजे तीन माणसं लागायची. आणि मी? मी कंपनीत. माझी बस सकाळी साडेसहाला.

सुनंदानं मला काही विचारलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं गुपचूप एका बाईंचा क्लास लावला. ऑटोमॅटिक गाडीवर शिकवणाऱ्या बाई. लायसन हातात आल्यावर सांगितलं. तिनं आणि आमच्या मुक्तानं, म्हणजे मुलीनं, मिळून एक वापरलेली ऑटोमॅटिक गाडी शोधून आणली. पहिल्यांदा एकटी माणला गेली त्या दिवशी तिचा मला कंपनीत फोन आला. ‘अहो, मी पोचले.’ बस, एवढंच. पण आवाज असा होता की मी मशीन बंद करून क्षणभर उभाच राहिलो.

त्यानंतर मामा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘माझी पोरगी मला नेती-आनती. डायवर हाय ती माझी.’

ती गाडी कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला क्लच नव्हता. दोनच पॅडल — पळवायचं आणि थांबवायचं, आणि दोन्ही उजव्या पायानं दाबायची. गिअर ती स्वतः बदलायची, पण दरवेळी जरा विचार करून. गतिरोधकाजवळ पाय उचलला की खालचा गिअर आपोआप पडायचा आणि एक गचका बसायचा — मागून कुणी शर्ट ओढावा तसा. सुनंदाला ते जमलं होतं. ती लांबूनच पाय उचलायची. ‘तिला जरा वेळ द्यावा लागतो,’ म्हणायची, एखाद्या थकलेल्या मैत्रिणीबद्दल बोलावं तसं. आणि मी? ‘ही काय गाडी आहे? पाळणा आहे पाळणा. डाव्या पायाला घरी बसवलंय हिनं!’ सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढं-मागं करण्यापलीकडे मी ती कधी चालवली नव्हती. चालवायची गरज काय? मी गिअरवाला.

अधिक महिना होता. सासरवाडीला धोंड्याचं जेवण — जावयाचा मान. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून गुरुवार ठरला. सुनंदानं सकाळी मामांना पिंपरीहून व्यायाम करून आणलं, वाटेत मला घेतलं. मामा पुढं तिच्या शेजारी, पट्टा लावून. मी मागं, नव्या शर्टात, परातीत बसवलेल्या गणपतीसारखा.

माणपर्यंत ती छान घेऊन आली. आणि गावाची कमान दिसली.

कमानीखाली चहाची टपरी आहे. तिथं चार-पाच जण बसलेले. ओळखीचे. आणि मला एकदम दिसलं, की मी त्यांना कसा दिसणार आहे. धोंड्याला आलेला जावई मागच्या सीटवर, आणि गाडी बायको चालवतेय. गिअरवाले पाव्हणे!

‘थांब. इथून मी घेतो.’

‘आता? पोचलोच की, अहो.’

‘म्हणूनच.’

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. तिला समजलं. तिला माझं सगळंच समजतं. तिनं गाडी कडेला घेतली. उतरताना एवढंच म्हणाली, ‘डावा पाय मागं घेऊन बसा हं. आधी आधी चुकतो तो.’

‘वीस-बावीस वर्षं दाते मोजतोय मी गिअरचे. तू मला सांगणार?’

गाडी थांबली तसं मामांना वाटलं, घर आलं. त्यांनी पट्टा सोडला होता. आता डाव्या हातानं तो परत ओढायला बघत होते. एका हातानं जमेना. मी म्हणालो, ‘राहू द्या मामा. आलंच की घर.’

हेही मीच म्हणालो.

दोनशे पावलं. जास्त नाही. कमानीच्या अलीकडे गतिरोधक, त्यावरचे पांढरे पट्टे उडालेले. मला उशिरा दिसला. मी पाय उचलला, खालचा गिअर पडला, गचका बसला. आणि त्या गचक्यात माझ्या अंगाला वाटलं, गिअर पडतोय आणि क्लच दाबलेला नाही! तीस वर्षांची सवय. डावा पाय आपला आपण उठला आणि समोर जे रुंद पॅडल होतं त्यावर आदळला. क्लच असाच दाबतात, तळापर्यंत. ब्रेक असा दाबत नाहीत.

गाडी जागच्या जागी खिळली.

मागं बसलेली सुनंदा माझ्या सीटच्या पाठीवर येऊन आपटली. मामा पुढं फेकले गेले. उजवा हात तर उठतच नव्हता. त्यांनी डावा पुढं केला, चांगला तेवढा एकच. तो समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवर दुमडला. आवाज फार मोठा नव्हता.

टपरीवरून कुणीतरी ओरडलं, ‘काय पाव्हणं, गाडी बैठक मारून बसली काय!’ हशा झाला. मग त्यांना मामा दिसले आणि सगळे धावत आले.

आणि मी — माझ्या तोंडातून पहिला शब्द कुठला निघाला असेल? ‘मामा’ नाही. ‘लागलं का?’ नाही. मी ओरडलो, ‘गिअर पडला! आपोआप पडला! गाडीनं स्वतः ब्रेक मारला!’

हे ओरडताना माझा डावा पाय अजून ब्रेकवरच होता.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून दुपारी परत आलो, आणि दत्ताची बायको म्हणाली, काही झालं तरी जावई धोंड्याचा उपाशी जायचा नाही. मला पाटावर बसवलं. टिळा लावला, शर्टाचं कापड दिलं, दिवा ठेवलेलं ताट दिलं. पलीकडे खाटेवर मामा. एक हात आजारानं गेलेला, दुसरा प्लास्टरमध्ये. सुनंदा त्यांना घास भरवत होती. मी धोंडे किती खाल्ले? सात. तुपाबरोबर. नाही म्हणवत नव्हतं — आग्रह होता.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पाय चुकला, माणूस घाबरला, खोटं बोलून गेला. कुणाचं होत नाही? नाही हो. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो, तीही गोष्ट केली असती. इथपर्यंतचं तर मी तुम्हाला हातचं राखून सांगितलं. खरं त्याच्या पुढच्या गुरुवारी आहे.

दत्ताच्या आग्रहावरून मी गाडी वर्कशॉपला नेली. तिशीच्या एक तंत्रज्ञ बाई होत्या. त्यांनी यंत्र लावून बघितलं, खालून बघितलं, मग म्हणाल्या, ‘काका, तुम्ही चालवा, मी शेजारी बसते.’ आम्ही एक चक्कर मारली. त्या रस्त्याकडे बघतच नव्हत्या. खाली बघत होत्या, माझ्या पायांकडे. दुसऱ्या गतिरोधकाला माझा डावा पाय जागेवरून उचलला गेला. त्या हसल्या. ‘काका, गाडी एकदम बरी आहे. हा पाय तेवढा घरी ठेवून येत जा.’ मीही हसलो. हसण्यात मी पटाईत. त्या म्हणाल्या, ‘लाजू नका हो, रोज कुणी ना कुणी येतं. सगळे क्लचवर मुरलेले. नव्यानं शिकलेल्यांचं नाही होत असं.’

म्हणजे मला नुसतं कळलं होतं असं नाही, मला सांगितलंही गेलं होतं. साक्षीदारासकट.

तिथून थेट माणला गेलो. वाटेत ठरवलं होतं, सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं. कसं सांगायचं तेही जुळवलं होतं — डाव्या पायाचा नवस वगैरे घालून, जरा हसवत.

घरात दत्ता होता, त्याची बायको होती. मामा खाटेवर, आणि सुनंदा त्यांना चमच्यानं वरणभात भरवत होती. मी चपला काढतोय तोवर दत्ता म्हणाला, ‘काय दाजी, तुमचंच खरं निघालं ना? मी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या दाजींनी गाडीचा फॉल्ट जाग्यावर वळखला राव!’

झालं. तेवढ्यानं झालं.

मी म्हणालो, ‘गिअरबॉक्समध्ये दोष नाही म्हणतात.’

‘मग ओ?’

आणि मी गंभीर चेहरा केला. तोच, बॉनेट उघडल्यावरचा.

‘त्याचं असं असतं दत्ता, हल्लीच्या गाड्यांना मेंदू असतो. चालवणाऱ्याची सवय गाडी उचलते. धीटपणे चालवली तर धीट होते. कुणी घाबरत चालवत असलं, सारखा ब्रेकवर पाय ठेवत असलं, तर तेच शिकते. आणि मग एखाद्या दिवशी...’

वाक्य अर्धं सोडलं. अर्धं कुठं सोडायचं हे गोष्ट सांगणाऱ्याला कळतं. पूर्ण खोटंही नव्हतं ते. काही गाड्यांचे गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयीशी जुळवून घेतात, हे धंद्यामुळं मला ठाऊक होतं. ती गाडी त्यातली होती का? माहीत नाही. पण आपण होऊन ब्रेक मारायला कुठलीच गाडी अशी शिकत नाही, हे पक्कं माहीत होतं. आणि तिथं बसलेल्या कुणालाही ते माहीत नव्हतं, हेही.

सुनंदाचा चमचा मधेच थांबला.

‘म्हणजे... माझ्यामुळं?’

मी ‘हो’ म्हणालो नाही. कित्येक महिने मी स्वतःला हेच ऐकवत होतो, की मी ‘हो’ म्हणालो नाही. मी काय म्हणालो ते कुणालाच आठवत नसेल, मला आठवतं. मी म्हणालो —

‘जाऊ दे गं. मुद्दाम थोडंच केलंस.’

मी तिला माफ केलं. समजतंय ना तुम्हाला? तिच्या बापासमोर, भावासमोर, भावजयीसमोर, मी तिला मोठ्या मनानं माफ केलं. दत्ताची बायको म्हणालीसुद्धा, ‘दाजी लई समजूतदार हायेत, वन्सं.’

मामा माझ्याकडे बघत होते. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, शब्द लावून लावून बोलायचे. ‘गाडी... काय शिकत न्हाई, पाव्हणं.’ मग थोडं थांबून, ‘मी म्होरंच बसलो व्हतो.’

त्यांची नजर माझ्या पायांवर होती.

‘बापू, दाजी गिअरच्या कंपनीत हायेत,’ दत्ता वडिलांना म्हणाला. ‘तुमाला काय कळतंय त्यातलं?’

मामांनी एकदा लेकीकडे बघितलं. एकदा माझ्याकडे. अधिक महिना सरला नव्हता. त्या घरात जावयाला खाली पाहायला लावत नाहीत, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. मला ते माहीत होतं. मी त्याच्या भरवशावरच तर उभा होतो. पुढच्या घासाला त्यांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. ‘विकून टाका.’ मी म्हणालो, ‘बघ बाई, तुझी मर्जी.’ महिन्याभरात गाडी गेली. मामांच्या व्यायामाला काही दिवस दत्ताचा ड्रायव्हर आला, मग रिक्षा, मग कधी जमायचं कधी नाही, मग नाहीच. हाड जुळलं पण मनगट वाकडं राहिलं, भाकरीचा तुकडा मोडता येईना. सुनंदा बस बदलत बदलत माणला जायची, दुपारचं भरवायला. पुढच्या वर्षी मामा गेले. हातामुळं गेले असं नाही, वयही झालं होतं — बघा, आली सबब. राहू द्या ती. शेवटपर्यंत मी गेलो की ते एकच विचारायचे, ‘पाव्हणं, जेवला का?’ दुसरं काही कधी विचारलं नाही. लेकीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कळलंच असतं.

आता सुनंदा माझ्या गाडीत शेजारी बसते. गतिरोधक आला की तिचा हात आपोआप समोरच्या फळीवर जातो. मी रस्त्याकडे बघतो.

आणि गाडीच्या अंगात आल्याची गोष्ट? ती मी मामांच्या वर्षश्राद्धानंतर सांगायला लागलो. मनगट वगळून. मागच्या सीटवरची बायको वगळून. माणसं वगळली की गोष्ट हलकी होते. ती उठून आत जाते तेव्हा तिला काय वाटत असेल? तिला वाटत असेल — हे माझी चूक हसण्यावारी नेतात, माझं नाव घेत नाहीत, किती सांभाळतात मला. असंच वाटत असणार. मला खात्री आहे, कारण गेल्या महिन्यात ते मी डोळ्यांनी बघितलं.

मुक्तानं गाडी घेतली. ऑटोमॅटिकच. घरी पेढे घेऊन आली आणि किल्ली आईच्या हातात कोंबली. ‘चल, एक चक्कर. तूच चालवायची.’

‘नको गं.’

‘आई, तू एकटी माणला जायचीस! तेव्हाची तू आठव ना जरा.’

‘माझ्या पायात दोष आहे, बाळा. माझ्यासारखीनं गाडीला हात लावू नये. एकदा बघितलं ना काय झालं ते?’

मुक्ता माझ्याकडे वळली. ‘बाबा, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती.’

दोघी माझ्याकडे बघत होत्या. घरात आम्ही तिघंच. मामा नाहीत, दत्ता नाही, टपरी नाही, कमान नाही. मान जायला कुणीच नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, ‘तिची इच्छा नसेल तर कशाला आग्रह करायचा?’

मुक्तानं किल्ली उचलून घेतली. ‘बघ,’ सुनंदा तिला म्हणाली, ‘तुझ्या बाबांना कळतं.’ आणि तिनं माझ्याकडे बघितलं — अडचणीतून सोडवणाऱ्याकडे बघावं तसं. आभार होते त्यात.

ते मी ठेवून घेतले.